काळं नख

दिघ्याच्या त्या खोलीतून चार चादरी बाहेर आल्या
तेव्हा महाप्यात आमच्या घड्याळात
पावणेदोन वाजले होते.
मी चादरी धूसर केल्या.
माझ्या हातात तेवढंच असतं,
धूसर करणं, कापणं, आवाज वरखाली करणं.

तांडेल सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले.
त्याच्या मोबाईलमध्ये गेम सापडलाय, म्हणाले,
व्हिज्युअल लाव.
कुठला गेम?
गोळीबाराचा लाव.
पण सर, कोयता होता.
बाजारात आलीयेस का घासाघीस करायला?

लाल पट्टीवर मी लिहिलं
खेळानेच घेतले चार बळी?
प्रश्नचिन्ह आमचं हेल्मेट आहे.
डोक्यावर असलं की
कुठल्याही वेगाने जाता येतं.

मग घणसोलीला फोन लावला.
सुमेध जागाच होता, बारावीचं पुस्तक उघडं ठेवून.
चाळीस सेकंद खेळून पाठव, म्हटलं,
वरून शूट कर, हात दिसू देत.
कुठली गन?
कुठलीही. लाल दिसलं पाहिजे.
ताई, यात रक्त हिरवं असतं,
सेटिंग बदलावं लागेल.
बदल, म्हटलं.

त्याने बदललं.

शेजारच्या इंदुबाई गायसमुद्रे
एक मिनिट बारा सेकंद बोलल्या होत्या.
पदर तोंडाशी, मागे पाण्याची पिंपं.
तो सारखा मोबाईलवर असायचा,
कर्जवाल्यांचे फोन घेत, रात्री-बेरात्री हात जोडत,
गोळ्या बंद केल्या होत्या, महाग पडतात म्हणून,
त्याची आई तीनदा चौकीवर जाऊन आली, बाबा,
तीनदा,
तिला बाकड्यावर बसवून ठेवली
आणि सांगितलं, घरातलं घरात मिटवा.

मी 'असायचा'वर कापलं.
सहा सेकंद.
कात्रीचा आवाज येत नाही हल्ली,
नुसती एक कळ दाबली जाते.

सकाळी घरी पोचले
तर आई टीव्हीसमोर, चहावर साय धरलेली.
पडद्यावर धाड धाड, लाल,
आणि गोलात मोठा करून दाखवलेला एक अंगठा.
दिवाळीच्या साफसफाईत माळ्याच्या दारात चेमटलेला,
नख काळंनिळं.
आई म्हणाली,
त्या मेल्याचा अंगठा आपल्या सुमेधसारखाच आहे गं.
सगळ्यांचे अंगठे सारखेच असतात, मी म्हटलं.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग उठली, झोपलेल्याच्या उशीखालून
मोबाईल काढला
आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसला,
पावसात भिजलेला वाळवायला ठेवावा तसा.
त्या रात्रीपासून
ती सुमेधच्या खोलीचं दार लावू देत नाही.
विळीसुद्धा कपाटात गेली.
सुमेधने मला काही विचारलं नाही.
मला वाटतं, विचारायला हवं होतं त्याने.

नवव्या दिवशी पोलिसांनी सांगितलं
मोबाईलमध्ये लुडो होता.
दोघांचा डाव, अर्धवट.
दुसऱ्या खेळाडूचं नाव: आई.
ही बातमी खालच्या पट्टीत
सोन्याच्या भावाआधी
दोनदा सरकून गेली.

चाळीस सेकंदांची ती फाईल
मी 'गेम हात' नावाने ठेवलीय.
भिवंडीच्या वेळी निघाली,
नंतर कुठल्या तरी परदेशातल्या शाळेच्या वेळी,
तिथल्या पोराचा हात म्हणून.
चर्चेला चार खिडक्या, चार माणसं,
आणि मधल्या पाचव्या खिडकीत
माझा भाऊ
न थकता गोळ्या झाडत राहतो.

आता त्याचं नख गळून नवं आलंय,
गुलाबी, जरा वाकडं.
परवा आईने त्याला डब्यातून तांदूळ काढायला सांगितले,
त्याने काढले,
डब्यात आणखी काय आहे ते दोघांनाही माहीत होतं.

आणि इंदुबाईंचं उरलेलं
एक मिनिट सहा सेकंद
मी अजून पुसलेलं नाही.
कुणी मागायलाही आलेलं नाही.