लांबी

सगुण मेस्त्रीने पटाशीचं टोक
पश्चिमेच्या खिडकीच्या खालच्या पट्टीला नुसतं टेकवलं.
शिजल्या नीरफणसात सुरी जावी
तशी ती मुठीपर्यंत आत गेली.
"हां लाकूड खंय, बाय?" तो म्हणाला,
"ह्यो नुसतो रंग उभो आसा."

मग झडप काढून अंगणात आडवी घातली
आणि सोलायला बसला.
वर राखाडी. कुबलांच्या ट्रॉलरचा उरलेला.
खाली निळा, 'सातेरीकृपा'चा,
दुसऱ्याच वर्षी ती विकावी लागली त्यांना.
त्याखाली तांबडा, कुणाचा ते आठवेना.
अगदी तळाशी हिरवा,
मी लग्न होऊन नवाबागेत आले तेव्हाचा.

हे होड्यांची इंजिनं खोलायचे,
मजुरीसोबत डब्याच्या बुडाचा रंग मागून आणायचे.
दर मे महिन्यात गंजीफ्रॉकवर, विडी विझवून कानामागे,
खिडकीशी तास न् तास.
"होडीचा रंग आहे. दर्याला पुरून उरतो."
मी मशीनवर पाय मारत हो म्हणायचे.

हिरव्याच्या आत पोकळी होती.
पोकळीत एम-सील, मेणबत्तीचे थेंब,
वडी साबणाची, निम्मी झिजलेली,
आणि माझ्या चिंध्या.
खाकी, गणवेशाची. गुलाबी पॉपलीन.
एक जांभळा तुकडा, फातर्पेकरीणबाईंच्या परकराचा,
कमी पडला म्हणून ज्यावरून भांडण झालं होतं
आणि मी देवाशपथ सांगितलं होतं,
कापड मी चोरलं नाही.

विचारलं की म्हणायचे, खिडकी ठणठणीत आहे,
थोडी लांबी भरली, बस.
स्वतःच्या छातीबद्दलही हेच वाक्य होतं त्यांचं.
असो.

कुडाळहून रेश्माचा फोन:
आई, अ‍ॅल्युमिनियमची सरकती लाव, एका दिवसात काम.
ओळीतल्या सगळ्यांनी लावलीत, खरं आहे.
शेजारच्या शांबाने तर चारही.
आता रुळात वाळू बसते, मीठ बसतं,
संध्याकाळी तो पळीने खोबरेल ओततो
आणि खिडकीला शिव्या घालतो, सगळ्या आळीला ऐकू येतील अशा.

सगुणने करवत लावली
ती कुजक्या भागाच्या पुष्कळ वर,
वीतभर चांगलं सागवान सोडून.
"अरे, एवढं कशाला?" माझ्या तोंडून गेलं.
तो काहीच बोलला नाही,
आणि मग मलाच लाज वाटली.
चाळीस वर्षं ठिगळं लावते मी.
ठिगळ चांगल्या कापडापर्यंत न्यावं लागतं,
विरल्यावर टाका धरत नाही.

नवीन पट्टी फणसाची, त्याच्याच परड्यातली,
वादळात आडवा झालेला फणस.
पिवळीधमक, जुन्याशेजारी परक्यासारखी.
कुसू तासला, बसवून बघितला, काढला,
पुन्हा तासला, केसाएवढा.
स्क्रू पितळेचे. लोखंड इथे तीन पावसाळेही काढत नाही.
वरून डिंबेल. "हात लावू नको, सोलतीत."
आणि रंग?
"म्हयनोभर तरी नको गे. जरा श्वास घेवंदे."

पडवीत अजून पाव डबा आहे,
राखाडी, वर साय धरलेला.
टाकला नाही. उघडलाही नाही.

चिंध्या मात्र धुऊन वाळत घातल्या,
जांभळी सोडून.
ती कुठे ठेवावी कळेना,
म्हणून मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली.

तिन्हीसांजेला वारा फिरला.
ही झडप मिटायला गुडघा लागायचा, वर खांदा,
आणि आतून त्यांची हाक, थांब, मी येतो.
मी सवयीने खांदा लावला, दम धरून रेटलं.
ती बोटभर धक्क्यात मिटली,
आणि मी तोल जाऊन कपाळाने गजांवर.

टेंगूळ आलंय.
शांबाची बायको विचारत होती, काय झालं?
म्हटलं, काही नाही.
खिडकी ठणठणीत आहे.