पेन्सिलीची यादी

नेस्तानने फ्रिजवर कागद डकवलाय,
अकरा शहरं, पेन्सिलीने,
म्हणजे खोडता येतील.

एका अर्जाची फी
आईच्या भट्टीतल्या एकशे साठ शोतींइतकी.
होडीसारखी लांब ती रोटी
भट्टीच्या भिंतीवर थापता थापता
हिशेब आईनेच केला,
आणि विचारलं, "मग अकरा कशाला?"

पहिलं नाव अख्ख्या कुतैसीला पाठ.
तिथल्या प्राध्यापकांच्या पानावर
विद्यार्थ्यांचे हसरे फोटो,
खाली सालं: आठ वर्षं, नऊ वर्षं,
एका नावापुढे नुसती रेघ.

त्या रेघेला तिने पत्र लिहिलं.

उत्तर चौथ्या दिवशी:
"तुझं चुकलं तर ते काय करतात, एवढं विचारून घे.
आणि हिवाळ्यात खोली तापते का, तेही."

पहिलं नाव गेलं.
लाशा, तिचा भाऊ, दिवसभर बोलला नाही.

खालून दुसरं, धुक्यातलं एक गाव,
ज्याचा उच्चार घरात तिघांचा तीन तऱ्हेचा.
तिथल्या बाईंना तिने आपली अडलेली सिद्धता पाठवली होती,
सातव्या पायरीवर मोडणारी.
त्यांनी लिहिलं,
"मीही इथेच अडकते. बघूया का?"

ते पत्र तिने किती वेळा वाचलं
हे भट्टीलाच माहीत;
उजेड तिथलाच चांगला.

आता कागदावर चार नावं आहेत,
पैसे तीनांचे.
आज सकाळी पिठाचं एक पोतं जास्तीचं आलं.
आई म्हणाली, दुकानदाराची चूक असेल.

खोडरबर मात्र सापडत नाहीये.