एकोणिसावा

तार्तू. फेब्रुवारी. एमायोगी नदी
पाटावरवंट्यासारखी घट्ट.
तळघरात मी, वही, विजेचा एक पिवळा दिवा,
आणि जाळीच्या नळकांड्यात एकोणिसावा पांढरा उंदीर.

त्याला कुणी मारत नाही.
टोचलं ते एकदाच, परवा, आयोडीन,
तेही सगळ्यांना.
आता फक्त हलायचं नाही. एवढंच.

आठ वाजता सदतीस पूर्णांक आठ.
नऊला छत्तीस.
दहाला साडेचौतीस, मी पुन्हा मोजलं, साडेचौतीसच.
शेजारच्या पिंजऱ्यातला मोकळा
याच थंडीत कान खाजवतोय,
त्याचा पारा जागचा ढळत नाही.
ऊब म्हणजे हलण्याची मजुरी, मी म्हणाले.
नुसतं तेवढं नाही, हेल्वे,
प्राध्यापक कुरवित्स म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

गळ्याशी काउंटर धरला.
मोकळ्याची टकटक रोज ओसरते:
ग्रंथी आपला ऐवज रक्तात ओतते, खर्चते.
याची तशीच, कालची काल, आजही कालचीच.
जिथे आग लागायला हवी
तिथे कुणीतरी सरपण मोजून
कुलूप लावून बसलंय.

सोडला की थरथरतो,
माझ्या तळहातावर लेंडी टाकतो,
मग कोपऱ्यात जाऊन
बराच वेळ मिशा पुसत बसतो.

असे दहा दिवस.

अकराव्या दिवशी मी नळकांडं टेबलावर आडवं ठेवलं,
हातमोजा शोधायला वळले,
वळून पाहते तर
तो स्वतःच आत शिरलेला.
नाक जाळीला लावून. शेपटी नीट बाहेर,
जशी मी रोज काढून ठेवायचे.

त्या दिवशी पारा फारसा उतरला नाही.
प्राध्यापक खूश झाले, खरेच खूश,
मला त्यांच्या डब्यातला केक दिला.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, विचारलं.
लिही : सवय झाली.

लिहिलं.
शाई गोठली होती, दौत काखेत धरून
लिहिलं.

संध्याकाळी कमानीच्या पुलावर
मी उगाच धावले.
जाड कोट, बुटांवर रबरी बूट, हातात बटाट्यांची जाळी.
कठड्याशी उभ्या शिपायाने विचारलं,
काय झालं, बाई?
काही नाही, म्हटलं.
आणि मफलर सोडून
पलीकडच्या काठापर्यंत
थांबले नाही.