गढूळ पाण्यासाठी दिवा

लॅमिंग्टन रोडला दुसऱ्या मजल्यावर मुफद्दल दिवे मांडतो,
काचेवर एकेक, सोनाराने पाटल्या मांडाव्यात तसे.
हा पंधरा हजार ल्युमेनचा. हा वीस.
हा शंभर मीटर खोल नेला तरी आत थेंब शिरायचा नाही.
मागे पोस्टर: निळंशार पाणी, प्रवाळ,
केशरी मासे, आत्ताच रंगवून सुकायला ठेवल्यासारखे.
"कुठे चाललात? मालदीव? अंदमान?"
इंदिरा डॉक, मी म्हणतो.

तो हसत नाही. बरं वाटतं.
फक्त वीस हजारवाला परत खोक्यात ठेवतो.

आमचं पाणी म्हणजे
गाळ, डिझेल, कुजकं शेवाळ.
भरती उलटताना कोपरापुढचा आपलाच हात दिसत नाही.
तिथं जेवढा दिवा मोठा, तेवढी पांढरी भिंत जाड.
घाटातल्या धुक्यात अप्पर मारावा
आणि सगळा उजेड आपल्याच डोळ्यांवर परत यावा, तसं.

रेमंड तुस्कानोला दिवा लागला नाही कधी.
सत्तावीस वर्षं त्याने जहाजांची पोटं बोटांनी वाचली.
वर यायचा, मास्क कपाळावर सारायचा
आणि सांगायचा: डावी बाजू, सातवी प्लेट,
सांध्याला तडा, एक वीत आणि दोन बोटं.
सुपरवायझर तसंच लिहून घ्यायचा.
आता तो वसईत सुकेळी वाळवतो.
फोनवर म्हणाला, दिवा? हात कुठे गेले तुझे?

विम्याच्या माणसाला बोटं चालत नाहीत, अंकल.
त्याला व्हिडिओ लागतो, रंगासकट.
गंज कुठला आणि जुना तांबडा रंग कुठला
हे त्याला एसीत बसून ठरवायचं असतं.

म्हणून विचारतो:
झोत नको, पसरट उजेड कुठला?
लाल खरा दाखवतो कुठला?
पाण्यात आधी लाल मरतो, बाकीचे मागाहून.
गेल्या वर्षी कालवाच्या धारेने तळवा फाटला
तर रक्त हिरवं निघालं, काळपट हिरवं,
आणि मी अर्धा तास काम करत राहिलो.
हिरव्याला कोण घाबरतं.

मुफद्दल दोन दिवे रात्रीपुरते देतो, चिठ्ठीवर सही घेऊन.

माझगावात, घरी, मोरीत पिंप भरतो.
दोन मुठी मुलतानी माती, चमचाभर दूध.
ढवळतो. झालं बंदर.
तळाशी दाराची गंजकी बिजागरी
आणि हर्षलाच्या नेलपॉलिशची लाल बाटली.
पिशवीत गुंडाळून मोबाइल आत.

मोठा दिवा: दूध. उजळलेलं नुसतं दूध.
छोटा दिवा: तेच, जरा पातळ.
मग छोटा लेन्सपासून लांब नेतो,
हातभर बाजूला, तिरका,
परक्याच्या घरात डोकवावं तसा,
आणि अर्ध्याहून कमी करतो.

बिजागरी दिसते. तिचा गंज, गंजाच्याच रंगाचा.
मग बाटली. लाल!

"ती माझी माती आहे?" हर्षला दारात.
हो.
"आणि ती बाटली?"
हो. ये, बघ.
ती पदर खोचून वाकते. मला दुसरं काही सापडत नाही
म्हणून मी माझाच तळवा दिव्यासमोर धरतो.
पडद्यावर तो केवढा तरी मोठा येतो,
व्रण गुलाबी, कडांना टोचल्याच्या खुणा.

"सात," ती म्हणते.
"तू दोन टाके म्हणाला होतास."
तुला दिसत होते ना तेव्हाही?
"दिसत होते."

पाणी निवळायला लागतं, माती खाली बसते.
आम्ही दोघं तसेच वाकलेले.
माझा हात अजून आत.

सकाळी मोठा दिवा परत केला.
छोटे दोन घेतले, सोबत लांब दांड्या,
घासाघीस करून ओ-रिंगचं ग्रीस फुकट.
मुफद्दल म्हणाला, एवढ्याशा उजेडात काय दिसणार?

पिंपातलं पाणी तिने कुंड्यांना घातलं होतं.
बाटली धुऊन खिडकीत ठेवली होती.