कडता

देवळीच्या डाळ मिलमधून फोन आला तेव्हा
मी फोटोवाल्याकडे होते,
एसटीच्या मासिक पासासाठी.
मॅडम, ते तुमचं जरा थांबवलंय.
थांबवलंय म्हणजे?
म्हणजे आम्ही मागच्या दोन ठिकाणी विचारलं.
मग?
मग काही नाही, मॅडम. शुभेच्छा तुम्हाला.

फोटोवाल्यानं तोवर आठ कॉप्या कापून हातात दिल्या.
आठही जणी हसतमुख. साठ रुपये.

पतसंस्थेच्या सचिवाचं मला ठाऊक आहे.
म्हणाला असेल, 'कामाले चांगली हो, पण जीभ...'
आणि तेवढी जीभ टेबलावर ठेवून
चहा प्यायला असेल.

जिनिंगच्या राठीशेठचं मात्र कळत नाही.
तिथं मी सहा हंगाम काट्यावर बसले.
बंडी, मेटाडोर, ट्रॅक्टर;
भरलेलं वजन, रिकामं वजन, मधला कापूस.
एका नोव्हेंबरात ते म्हणाले, ओल धर,
क्विंटलमागं तीन किलो कडता.
मी गाडीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला.
सुका होता. नाही धरला.
हे सांगितलं असेल त्यांनी?
की आईला सेवाग्रामला भरती केलं त्या महिन्यात
मी एकोणीस दिवस उशिरा आले, ते?
तेही खरंच आहे.
हजेरीवहीत आहे, माझ्याच अक्षरात.

रात्री मी तो फोन ऐकते
जो मी ऐकलेला नाही.
कुणी विचारतं, बाई कशी आहे?
शेठ अडकित्त्यात सुपारी धरतात.
ती फुटेपर्यंत जेवढा वेळ जातो
तेवढ्यात माझे चौदा हजार जातात,
मोनूची ट्यूशन, गॅसचा नवा पाइप,
आणि बेबीबाईला सांगून बसलेलं
'सोमवारपासून नाही दिसणार वं मी नळावर.'

सोमवारी बेबीबाईनं माझी गुंडी आधी लावली.
काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी अनोळखी नंबर.
वर्ध्याचं कापडाचं दुकान.
'पायल मडावी तुमच्या हाताखाली होती म्हणे?
कशी आहे पोरगी?'

पायल. काट्यावर पावत्या फाडायची.
एकदा एकाच गाडीच्या दोन फाडल्या, शिव्या मी खाल्ल्या.
मोबाइल ओढणीत लपवायची.
ट्रकच्या सावलीत, चाकाला टेकून झोपलेला हमाल
तिलाच दिसला होता,
ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकायच्या आधी.

'हॅलो? मॅडम?'

मी गप्प आहे,
आणि मला कळतंय की हे गप्प राहणं
तिकडे मोजलं जातंय.
'चांगली आहे,' मी घाईनं म्हणते,
इतक्या घाईनं की मलाच खोटं वाटतं.
'चांगली आहे हो. घ्या तिले.'

पलीकडे पेनाचं टोपण लागल्याचा आवाज.
किती धरलं, किती कापलं,
याची पावती मिळत नाही.