पायमोडका क

रॉचडेलच्या गिरणीमागच्या गल्लीत
पहाटे चारला केझाया होल्ट निघते.
खांद्यावर दहा हात बांबू, टोकाला तारांचा झुपका.
वरच्या मजल्याच्या काचेवर
टक्. टक्‌टक्.
घरामागे आठवड्याला चार पेन्स.
पडदा हलल्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

संध्याकाळी भाची टॅबी पाटीवर शब्द घोटते.
"आत्या, 'नॉक' लिहायचं तर आधी के कशाला?
बोलत नाही, चालत नाही, नुसता उभा."
केझायाला अक्षर येत नाही,
खिडक्या तेवढ्या वाचता येतात.

शेजारचा फर्गस, छापखान्यातून उतरलेला म्हातारा,
खोकत खोकत सांगतो:
बोलायचा गं तो पूर्वी.
हजार वर्षांमागची माणसं म्हणायची क्नॉक,
आधी हाड वाजायचं, मग लाकूड.
कुणा पंडितानं नाही घडवला हा शब्द,
बोटांच्या पेरांतून दारावर सांडला.
मग जिभांना घाई झाली. अडीचशे वर्षं झाली असतील,
पहिला आवाज उंबऱ्याबाहेरच राहिला.
आमच्या स्कॉटलंडात तर घड्याळालाच नॉक म्हणतात.
आणि कॉर्नवॉलच्या कथिलखाणीत
दगडाआडून ठोकणारी जी बुटकी भुतं,
त्यांचं नावही ह्याच शब्दातलं;
मजूर त्यांना पेस्टीची कड ठेवतात.

"मग खोडून का नाही टाकत तो के?"
म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली.
उत्तर राहिलं.

(मी हे देवनागरीत लिहितो आहे.
इथे त्या क चा पाय मोडावा लागतो,
तरी तो न च्या खांद्याला धरून उभाच.)

शनिवारी टॅबी कंदील घेऊन आत्याबरोबर गेली.
सात नंबर: टक्‌टक्. पडदा.
नऊ नंबर: टक्‌टक्, शिवी, पडदा.
अकरा नंबर ईनॉक सटक्लिफचा.
कापसाची धूळ छातीत भरून
तो नोव्हेंबरातच गेला होता.
चार पेन्स तेव्हापासून बंद.

केझायानं बांबू उचलला.
काचेपासून बोटभर अंतरावर
तारा थांबल्या.
एक श्वास.
मग बांबू खाली, आणि तेरा नंबर.

टॅबीनं काही विचारलं नाही.
कंदिलाची काच काजळली होती, ती पुसत राहिली.

रात्री पाटीवर तिनं तो शब्द पुन्हा लिहिला.
के जरा मोठाच आला,
ओळीच्या बाहेर.