सतरा नंबरचं पोतं

जालन्यात, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
भिंतीपलीकडे सळया तापतात
आणि अलीकडे आम्ही सोयाबीनचं बी थंड ठेवतो,
तिथे बसून मी चार ओळी लिहिल्या.

रँडम नावाची लायब्ररी. आत एकही पुस्तक नाही,
फक्त मागाल तेवढे आकडे.
एकशे वीस पोत्यांतली बारा काढ, म्हटलं.
काढली: सतरा, नव्वद, चार, एकशे तीन…
ना ओळख, ना वशिला,
ना दाराजवळचं म्हणून आधी.
मला बरं वाटलं. चहा प्यायले.

आठवड्यानं द्वारकाबाई खिल्लारे दारात,
हातात परखी.
“मॅडम, तुमच्या मशीनीचं अन् सतराचं काही वैर हाय का?
रोज सतरा, मग नव्वद, मग चार. कामून?
चाळण झाली हो पोत्याची.
रज्जाकभाई आता यादी बी मागत नाही,
पाढा म्हणावा तसा म्हणतो.”

पाहिलं. पहिल्याच ओळीत मीच टाकलेला आकडा,
बारावीच्या हॉल तिकिटाचे शेवटचे तीन अंक.
तिथून निघालं की पुढचं सगळं ठरलेलं.
लांबून वाटतं, मोकाट सुटलेत;
फिरतात घाण्याच्या बैलासारखे.

“त्याला सीड म्हणतात,” मी म्हटलं.
“म्हंजे?”
“बी.”

बाई हसल्या नाहीत.
एकवीस वर्षं त्यांनी बी मोजलंय,
ओल्या कागदावर, शंभराचे चार डाव.
“रोज तेच उगवतं?
मग ते बी नव्हं. छापील हाय ते.”

ओळ खोडली.
आता ते घड्याळाकडून घेतं
सेकंदाची एखादी कपची, परत न येणारी.
आज निघाले: अठ्ठावन्न, एकशे अकरा, दोन
आणि सतरा.
रज्जाकभाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.
काय सांगू?
वगळलं असतं तर ती निवड माझी झाली असती.

आठव्या दिवशी कागदाची वळकटी सोडली.
शंभरातले एक्याण्णव वर आलेले, माना वाकवून.
नऊ तसेच.
तेच पोतं, तेच पाणी,
एखाद्याचा तर शेंगेतला शेजारीही उगवला असेल.

द्वारकाबाईंनी ते नऊ चिमटीनं उचलले,
तळहातावर उलटेपालटे केले,
जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या
आणि वहीत नुसता आकडा लिहिला.